तीन जागांचा, शंभर वर्षांचा पक्ष

नेदरलँड्सच्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत. तिथल्या एका पक्षाला तीनपेक्षा जास्त जागा कधीच मिळाल्या नाहीत, पण १९२२ पासून एकाही निवडणुकीत तो शून्यावरही आला नाही. मंत्रिमंडळात तो कधीच बसला नाही. रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी त्याचे नेते प्रचार करत नाहीत. पक्षाचं नाव एसजीपी. मराठीत सांगायचं तर राजकीय सुधारित पक्ष. देशातला आज हयात असलेला हा सर्वांत जुना पक्ष. त्याची बहुतेक मतं मला पटत नाहीत. तरीही लोकशाहीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने त्याचा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल १९१८ मध्ये झीलँड प्रांतातल्या मिडलबर्ग शहरात पक्षाची स्थापना झाली. पुढे त्याचं नेतृत्व केलं खेरिट हेंड्रिक केर्स्टन या धर्मोपदेशकाने. त्या काळी कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांचा मोठा पक्ष कॅथलिकांबरोबर आघाडी करून राज्य चालवत होता. केर्स्टन आणि त्यांच्या अनुयायांना ही तडजोड धर्मद्रोहासारखी वाटे. राज्यकारभार बायबलच्या आज्ञेप्रमाणे चालावा, शासनाने खऱ्या धर्माचं रक्षण करावं, स्त्रियांनी राजकारणात पडू नये, ही त्यांची भूमिका. १९१८ च्या निवडणुकीत त्यांना एकही जागा मिळाली नाही. १९२२ मध्ये केर्स्टन एकटे निवडून आले. स्त्रियांनी मतदान केलेली ती देशातली पहिली संसदीय निवडणूक होती.

एकटा माणूस संसदेत काय करू शकतो, हे १९२५ मध्ये दिसलं. व्हॅटिकनमधला डच दूतावास बंद करावा, अशी दुरुस्ती केर्स्टन अर्थसंकल्पावर मांडत असत. तोवर पक्षाच्या जागा दोन झाल्या होत्या. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला सत्तेतल्याच एका प्रोटेस्टंट पक्षाने आणि विरोधी बाकांनी दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. ती मंजूर झाली, कॅथलिक मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सरकार कोसळलं. नवं सरकार यायला जवळजवळ चार महिने लागले. डच इतिहासात ही घटना 'केर्स्टनची रात्र' म्हणून ओळखली जाते. याच केर्स्टन यांना जर्मन ताब्याच्या काळातल्या वागणुकीमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर संसदेत परत घेतलं गेलं नाही. पक्षाच्या इतिहासातलं हे काळं पान आहे.

एवढा छोटा पक्ष टिकला कसा? याचं उत्तर १९१७ च्या घटनादुरुस्तीत आहे. तिने तीन गोष्टी एकदम दिल्या: सर्व पुरुषांना मताधिकार, प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकंच अनुदान. देशभरातल्या मतांपैकी जेमतेम दीडशेवा हिस्सा मिळाला तरी आज एक खासदार निवडून येतो. एसजीपीला साधारण दोन टक्के मतं पडतात, म्हणजे तीन जागा. ही मतं झीलँडपासून ईशान्येला ओव्हरआयसलपर्यंत गेलेल्या धार्मिक पट्ट्यातून येतात. एकेकाळी बेट असलेलं मच्छीमारांचं उर्क आणि पारंपरिक पोशाखासाठी प्रसिद्ध असलेलं स्टाफोर्स्ट ही या पट्ट्यातली ठळक गावं. तिथल्या अनेक कुटुंबांचं चर्च, मुलांची शाळा आणि १९७१ पासून निघणारं त्यांचं स्वतःचं दैनिक ही सगळी एकाच विचाराची. इथे पक्षनिष्ठा घराण्यातून येते. पक्षाची युवा संघटनाही देशातल्या मोठ्या राजकीय युवा संघटनांपैकी एक आहे.

सभागृहात मात्र या पक्षाला मान मिळाला तो कामामुळे. बास व्हान देर व्लिस १९८१ ते २०१० खासदार होते. त्यातली चोवीस वर्षं त्यांनी पक्षाचं नेतृत्व केलं. सभागृहाचे नियम त्यांना बारकाईने ठाऊक होते आणि त्यांची भाषा सभ्य होती. कडवे विरोधकही त्यांचं ऐकून घेत. २०११ मध्ये सरकारच्या बाजूला वरिष्ठ सभागृहातल्या ७५ पैकी ३७ जागा होत्या. बहुमतासाठी लागणारी अडतिसावी जागा एसजीपीच्या एकुलत्या सदस्याची. २०१३ मध्ये दुसऱ्या सरकारला अर्थसंकल्पासाठी तीन छोट्या पक्षांचा आधार घ्यावा लागला, तेव्हाही एसजीपीला धरूनच बेरीज ३८ झाली. सत्तेबाहेर राहूनही वजन कमावता येतं, ते असं.

या पक्षाने समलिंगी विवाहाला विरोध केला, इच्छामरणाच्या कायद्यालाही केला. त्याला सर्वांत मोठा धक्का बसला तो स्त्रियांच्या प्रश्नावर. पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना २००६ मध्ये मिळालं, पण उमेदवारीचं दार बंदच राहिलं. स्त्री-हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना कोर्टात गेल्या. शासनाने हे चालवून घेऊ नये, असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. पक्ष युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. तिथेही २०१२ मध्ये त्याची तक्रार दाखल करून घेतली गेली नाही. अखेर २०१३ मध्ये पक्षाने नियम बदलला आणि पुढच्याच वर्षी लिलियन यान्से फ्लिसिंगन शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या. एसजीपीच्या त्या पहिल्या स्त्री लोकप्रतिनिधी.

आपल्याकडे मात्र असं टिकून राहणं अवघड आहे. 'स्वतंत्र पक्ष' १९५९ मध्ये उभा राहिला, १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांपर्यंत पोचला आणि १९७४ मध्ये दुसऱ्या पक्षात विलीन झाला. नेत्यांमधले मतभेद आणि इंदिरा लाट ही कारणं आहेतच. पण एका मतदारसंघात एकच विजेता ठरवणारी आपली पद्धत विखुरलेल्या मतांना जागा देत नाही, हेही कारण लहान नाही. देशभर पसरलेली दोन टक्के मतं आपल्याकडे शून्य ठरू शकतात.

एसजीपीला संसदेत बोलू दिलं, म्हणून डच समाज मागे गेला नाही. उलट जे समाजाला मान्य नव्हतं ते त्याने मतदानाने आणि न्यायालयाने रोखलं. न पटणाऱ्या माणसाला जागा द्यायची आणि कायदा मात्र त्यालाही सर्वांसारखाच लावायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्या देशाने शंभर वर्षं दाखवून दिलं आहे. निवडणूक पद्धतीबद्दल आपल्याकडे चर्चा होईल तेव्हा हे उदाहरण समोर असायला हवं.