'ज्या टाकीतून' की 'ज्या टाकीत'?

बोईसर, प्रतिनिधी - तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत परस्परांतील बोलणे मराठी-हिंदीत चालत असले, तरी कामाच्या सूचना आणि पाळीच्या नोंदी बहुधा इंग्रजीत लिहिल्या जातात. समजा, नोंदवहीत असे वाक्य आहे : 'चेक द टँक व्हिच द सॉल्व्हंट इज ट्रान्सफर्ड.' आता तपासायची टाकी कोणती? द्रावक जिच्यातून काढायचे ती, की जिच्यात सोडायचे ती? 'फ्रॉम व्हिच' लिहिले तर पहिली, 'इन्टू व्हिच' लिहिले तर दुसरी. एक लहानसा शब्द गळाला, तर पुढच्या पाळीचा माणूस भलत्याच टाकीपाशी जाऊन उभा राहील.

मराठीत ही चूक सहसा होत नाही. 'टाकीतून', 'टाकीत' अशा रूपांत प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. इंग्रजीत मात्र त्याचे काम करणारे शब्दयोगी अव्यय सुटे असते. ते संबंधी सर्वनामाच्या आधी येते किंवा उपवाक्याच्या शेवटी जाते. म्हणूनच ते विसरले जाते.

डहाणूपर्यंत २०१३ पासून धावणाऱ्या लोकलचेच उदाहरण घ्या. 'ज्या लोकलने मी आलो' हे सांगताना 'द ट्रेन व्हिच आय केम' असे लिहिणे चूक. 'द ट्रेन ऑन व्हिच आय केम' किंवा 'द ट्रेन व्हिच आय केम ऑन' ही दोन्ही रूपे बरोबर. पहिले औपचारिक लेखनात शोभते, दुसरे बोलण्यात रुळले आहे. 'ऑन' दोन्हीकडे लिहिणे मात्र चूकच.

'दॅट' हे संबंधी सर्वनाम असताना त्याच्याआधी शब्दयोगी अव्यय चालत नाही. 'द हाउस इन दॅट आय लिव्ह' चूक, 'द हाउस दॅट आय लिव्ह इन' बरोबर. व्यक्तीसाठी 'व्हिच' नव्हे, 'हू' वापरावे. आधी अव्यय आले, तर 'हूम' : 'द ऑफिसर टू हूम आय रोट'.

मराठी प्रत्यय दिसला की इंग्रजीत अव्यय हवेच, असेही नाही. 'ज्या विषयावर आम्ही चर्चा केली' याचे इंग्रजी 'द सब्जेक्ट व्हिच वी डिस्कस्ड' एवढेच. तेथे 'अबाउट' नको.

मग ओळखायचे कसे? वाक्याचे दोन तुकडे करावेत. 'दिस इज द टँक. द सॉल्व्हंट इज ट्रान्सफर्ड फ्रॉम द टँक.' दुसऱ्या तुकड्यात 'फ्रॉम' आहे, म्हणून जोडवाक्यातही ते हवे. 'वी डिस्कस्ड द सब्जेक्ट' यात अव्यय नाही, म्हणून जोडतानाही नको. नोकरीचा अर्ज असो वा पाळीची नोंद, सही करण्यापूर्वी प्रत्येक 'व्हिच'पाशी क्षणभर थांबून हा पडताळा घ्यावा.