मोडीत घालण्याआधी

पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीतून बिऱ्हाड हलवायची वेळ आली की माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी खाली येतात. बंब, घंगाळ, कळशी, दोन-चार सतेली. घंगाळाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’. नाव सगळ्यांना वाचता येतं, पण ते गृहस्थ कोण हे घरातल्या एकट्या आजींना ठाऊक असतं. मुलगा म्हणतो, मोडीत घालू. आजी म्हणतात, असू दे. हा वाद भांड्याच्या उपयोगावरून घातला जातो, म्हणून तो मिटत नाही. आजींना जपायचा असतो तो देणारा माणूस, आणि त्याची हकिकत घंगाळात कुठेच नाही. ती आजींच्या डोक्यात आहे. ती काढून न घेता भांडं पुढची पन्नास वर्षं सांभाळलं, तरी हाती उरेल ते पितळच. त्यामुळे ठेवायचं की द्यायचं हा प्रश्न नंतरचा. आधी हकिकत उतरवून घ्यायला हवी.

वस्तू सोडवत नाही यात वेडेपणा काही नाही. डॅनियल कानेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले. ज्यांना मग मिळाले, त्यांनी ते विकायला मागितलेली किंमत इतर जण द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीची ही तऱ्हा, तर लग्नातल्या भांड्याचं काय बोलावं! अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र वाट दाखवतो. सत्राअखेर विद्यार्थ्यांना जिव्हाळ्याच्या वस्तू दान करायचं आवाहन केलं गेलं. काही वसतिगृहांत ‘आधी फोटो काढून ठेवा’ एवढीच भर होती. तिथे ६१३ वस्तू जमल्या, इतरत्र ५३३. फरक प्रचंड नाही, पण अडत होतं ते कुठे, हे त्यातून कळतं. आठवण हातातून निसटणार नाही एवढी खात्री झाली, तर वस्तू सोडणं थोडं सोपं जातं.

फोटोला वास नसतो, स्पर्श नसतो, असं यावर कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या पैठणीला तरी आईचा वास कुठे उरतो? डांबरगोळ्यांचाच येतो. रेशीम घडीवर विरतं, जर काळी पडते. सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांना हे पक्कं माहीत होतं. जुन्या लुगड्याला कात्री लावताना त्यांना अपराधी वाटत नसे, कारण ते लुगडं थंडीत नातवाच्या अंगावर येणार असे. उरलेले कपडे बोहारणीकडे जात आणि घासाघीस करून एखादं पातेलं घरात येई. हातात पैसा कमी आणि खोल्या दोन, म्हणून ही रीत होती हे कबूल. तिचं उगाच कौतुक नको. तरी स्पर्श टिकवायचा तर वापर हवा, एवढं तिच्याकडून घेण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळ्यांनीच जुनी भांडी मोडीत घातली असती, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं असतं का? बालपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी ते उभारलं. दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती चिजाच तिथे बघायला मिळतात. पण लोकांनी त्या आपल्या घरातून सोडल्या, म्हणूनच केळकरांच्या हाती आल्या, हेही विसरू नये. शिवाय वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. संग्रहालयालाही निवड चुकत नाही, मग दोन खोल्यांच्या घराला कशी चुकेल?

ही निवड कुणी करायची, यावर मात्र तडजोड नको. आजी गावाला किंवा दवाखान्यात असताना माळा रिकामा करणं हा आवराआवरीतला सर्वांत वाईट प्रकार. सोडण्याचा हक्क ज्याला हकिकत ठाऊक आहे त्याचा. त्याच्याजवळ बसून एकेक भांडं हातात द्यावं आणि मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा. घाई केली तर ‘असू दे’ याखेरीज काही ऐकू येणार नाही. पत्रं आणि जुने फोटो या झटापटीत ओढूच नयेत, त्यांना जागा लागते ती बुटाच्या खोक्याएवढी. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं तेवढी लिहून घ्यावीत, आणि ती याच बैठकीत.