खंजिरी वाजली, चिमूर उठलं

हायिम नाह्मान बियालिक हा हिब्रू भाषेचा राष्ट्रकवी. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा ओदेसातल्या ज्यू मंडळींनी या तिशीतल्या कवीला तिथं धाडलं. काम होतं वाचलेल्या माणसांच्या जबान्या लिहून आणण्याचं. त्यानं वह्या भरून जबान्या घेतल्या, शिवाय एक दीर्घ कविता लिहिली. तिच्यात मारेकऱ्यांपेक्षा जास्त राग निघाला तो जीव मुठीत धरून लपलेल्या आपल्याच माणसांवर. तो राग पुरता न्याय्य नव्हता, कारण किशिनेव्हमध्ये काहींनी प्रतिकारही केला होता. पण कवितेनं तरुण पेटून उठले आणि स्वसंरक्षणाची पथकं उभी राहू लागली. बियालिक १९३४ मध्ये गेला, इस्रायल जन्मलं १९४८ मध्ये. देश होण्याच्या १४ वर्षं आधीच देशाचा कवी जाऊन बसला होता.

आपल्याकडे असा कवी कुठला, असं विचारलं की लोक पुण्या-मुंबईकडे बघतात. जरा ताडोबाच्या बाजूला बघा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कवितेनं माणसं तुरुंगात धाडली, सरकारला पत्रं लिहायला लावली, गावाला आरसा दाखवला. त्यातल्या या काही गोष्टी.

प्राथमिक शाळा, पुढचं शिक्षण गुहेत

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. शालेय शिक्षण प्राथमिकच्या पुढं गेलं नाही. पोरवयातच घर सोडलं आणि रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशी रानं तुडवली. गोंदोड्याची गुंफा चिमूर तालुक्यात आहे, आजही तिथं भाविकांची गर्दी होते. म्हणजे जन्म वऱ्हाडातला असला तरी साधनेची जागा आमच्या झाडीतली, या जंगलपट्ट्यातली! चिमूरकर महाराजांना आपल्या गावचेच मानतात, ते उगाच नाही.

वाद्य एकच, तेही हातात मावणारं

खंजिरी. लाकडी कडं, एका बाजूनं कातडं, कडेला झांजा. महाराज ती उंच धरून वाजवायचे आणि सभा जागच्या जागी डोलायची. भजनं मराठीत आणि हिंदीतही. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि महिनाभर ठेवून घेतलं. भजन ऐकताना गांधीजींनी आपलं मौन मोडून आणखी एक भजन म्हणायला सांगितलं, अशी आठवण महाराजांचे भक्त मोठ्या अभिमानानं सांगतात.

नागपंचमी, १६ ऑगस्ट १९४२

‘छोडो भारत’ची हाक मुंबईत ८ ऑगस्टला उठली. आठवडाभरात ती चिमूरच्या बाजारात होती. तेव्हा हा भाग चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्यात मोडायचा. महाराजांची भजनं त्या काळात चिमूर, आष्टी, बेनोडा या गावांत तोंडोतोंडी होती. त्यातलं एक भजन तर असं, की त्यात रानातली झाडंझुडपं आणि दगडधोंडेच शस्त्रं होतात आणि भक्तांची फौज उभी राहते. ज्याच्या हाती बंदूक नाही त्या शेतकऱ्याला हे ऐकून काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

नागपंचमीला सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी अडवली, गोळ्या सुटल्या. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. मग गाव खवळलं. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. रस्त्यांवर झाडं आडवी पाडून वाटा बंद झाल्या. तीन दिवस चिमूरवर इंग्रजांचा हुकूम चालला नाही. चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी सुभाषबाबूंनी बर्लिन रेडिओवरून दिली, असं चिमूरकर आजही छाती फुगवून सांगतात.

१९ ऑगस्टला फौज आली. त्यात गोरे सोल्जर होते. गावातले पुरुष धरले गेले आणि घराघरांत बायकांवर जे अत्याचार झाले ते या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातलं अतिशय काळं पान आहे. शाळेच्या इतिहासात चिमूर एका ओळीत संपतं. माझ्या मते ही मोठी चूक आहे, कारण चिमूरच्या बायकांनी पुढं जे केलं त्याला धाडस लागतं: लाजेनं गप्प न बसता त्यांनी बाहेरून आलेल्या महिला कार्यकर्त्यांना सगळं सांगितलं. बियालिक किशिनेव्हला जे लिहून घेत होता, तेच काम ३९ वर्षांनी विदर्भातल्या बायकांनी केलं. त्यांना कुणी राष्ट्रकवी म्हटलं नाही, इतकाच फरक.

महाराजांना २८ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूर इथल्या तुरुंगांत त्यांना ठेवलं. गुन्हा काय, तर भजन.

६३ दिवस उपास आणि एक दिवस वर्तमानपत्रंच नाहीत

चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी उपोषणाला बसले. ६३ दिवस. जानेवारी १९४३ मध्ये उपास सुटला. मधल्या काळात सरकारनं उपोषणाच्या बातम्या छापायलाच बंदी घातली. तेव्हा ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. जंगलातल्या एका गावासाठी अख्ख्या देशातल्या पत्रकारांनी छपाई थांबवली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढं चिमूर आणि आष्टीच्या कैद्यांना फासावरून वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे वर्षानुवर्षं झगडल्या.

४१ अध्याय, ४,६७५ ओव्या

महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ ची. अध्यायांची नावं वाचा: ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, दलितसेवा. पोथीच्या छंदात गावाचा कारभार! ‘संतचमत्कार’ हाही एक अध्याय आहे, आणि चमत्काराच्या नादी लागणाऱ्यांना त्यात चांगलंच खडसावलंय. महाराज स्वतः संत म्हणून पुजले जात होते, तरी हे लिहिलं. लग्नातली उधळपट्टी, दारू, शिवाशीव, देवाला बोकड, भोंदू बुवा, सगळ्यांवर कोरडे. या माणसाची थोरवी मला इथं दिसते. परक्या सरकारविरुद्ध गाणं म्हणणारे पुष्कळ निघाले. समोर हात जोडून बसलेल्या आपल्याच भक्ताला ‘तुझ्या गावची गटार आधी साफ कर’ असं सुनावणारा कवी विरळा. राष्ट्र म्हणजे दिल्ली नव्हे, तुमची गल्ली, हे त्यांनी इतक्या साध्या भाषेत सांगितलं की निरक्षर माणसालाही ऐकून पाठ झालं.

ग्रंथ त्यांनी वाहिला तोही गावालाच.

खंजिरी जपानला

त्याच १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. महाराज गेले आणि खंजिरीही गेली. ‘राष्ट्रसंत’ ही पदवी मात्र घरची: ती दिली पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत महाराज सीमेवर जाऊन जवानांपुढं गायले.

पदवीच्या कागदावर कवी

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं त्याच विद्यापीठात होती. पुढं २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि या दोन जिल्ह्यांची कॉलेजं तिकडं गेली. प्राथमिक शाळेतच शिक्षण सुटलेल्या माणसाचं नाव पदवी प्रमाणपत्रावर छापलं जातं, आमच्याकडे याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

४ वाजून ५८ मिनिटं

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंज मोझरीच्या आपल्या आश्रमात वारले. दर पुण्यतिथीला ठीक ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथं जमलेला हजारोंचा समुदाय मौन पाळतो. त्यात चिमूर, ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी इथून आलेली, डोक्यावर भगवी टोपी घातलेली माणसंही असतात.

झोपून देश पालथा घातलेला कवी

वरोरा. चंद्रपूर जिल्हा. इथं वकिली सोडून मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे नावाच्या माणसानं मैल्याची पाटी डोक्यावर घेतली, मग रस्त्याकडेच्या कुष्ठरुग्णाला घरी आणलं, आणि १९५१ मध्ये खडकाळ माळावर आनंदवन वसवलं. उद्घाटनाला विनोबा. कुष्ठरोगावरच्या संशोधनासाठी बाबांनी आपल्याच शरीरात जंतू टोचून घेतले होते. हे सगळं लोकांना माहीत असतं. बाबा कवी होते, हे विसरलं जातं. ‘ज्वाला आणि फुले’ हा संग्रह १९६४ चा. या कविता बाबांनी सांगितल्या आणि रमेश गुप्तांनी उतरवून घेतल्या. त्या वाचताना शब्द कानांवर येऊन आदळतात, कारण त्या बोललेल्या आहेत.

बाबांच्या पाठीचे मणके इतके खराब होते की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. तशात डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी ‘भारत जोडो’ यात्रा काढली, कन्याकुमारी ते काश्मीर. तरुण मुलंमुली सायकलवर, एकही पस्तिशीच्या पुढचा नाही. सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत अंथरुणावर पडून. पंजाब जळत होता तेव्हाची ही गोष्ट. १९८८ मध्ये दुसरी फेरी, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत. वरोऱ्याच्या माळावरून निघालेल्या माणसानं नकाशावर असं उभं-आडवं फुलीचं चिन्ह काढलं.

पंतप्रधानांना पत्र

गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं ठरली होती. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाची जंगलं आणि माडिया-गोंडांची गावं पाण्याखाली गेली असती. बाबांनी १९८३ मध्ये इंदिरा गांधींना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. १९८४ मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’चा घोष करत हजारो आदिवासी रस्त्यावर उतरले. दोन्ही धरणं झाली नाहीत. पुढं नर्मदेच्या प्रश्नावर बाबांनी १९९१ मध्ये पद्मश्री आणि पद्मविभूषण दोन्ही परत केले. सरकारनं दिलेला मान सरकारच्याच टेबलावर ठेवून प्रश्न विचारायचा, ही रीत या कवीनं पाळली.

सही नसलेली कविता

एटापल्ली, भामरागडकडे गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांचं रेला गाणं आहे. हात हातात गुंफून, फेर धरून रात्रभर म्हणतात. कवी कोण, कुणी विचारत नाही, गाणं साऱ्या गावाचं. बंड पुकारणारे गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांची आठवण कागदाच्या आधी गाण्यांनी जपली. लेखी कविता आता येतेय: उषाकिरण आत्राम गोंडी आणि मराठी दोन्हींत लिहितात, त्यांचा ‘मोट्यारिन’ संग्रह मिळाला तर सोडू नका. कवी वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरातच भरलं, ८५ वं. आणि वडसा? तिथं दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत गावंच्या गावं रात्र जागवतात. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

पोरांची भाषा, गावचा ठराव

बियालिकच्या पिढीनं पोथीत अडकलेली हिब्रू मुलांच्या तोंडी आणली, त्यानं स्वतः बालगीतं लिहिली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. सरकारी मान्यतेसाठी त्यांना झगडावं लागलं, तरी पोरं घरच्या भाषेत धडे गिरवू लागली. त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये साऱ्या गावाची जमीन ग्रामसभेच्या नावे केली. निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलून घेतात. ‘ग्रामगीता’ वाचून त्यांनी हे केलं असं मी म्हणणार नाही, ते त्यांचं स्वतःचं शहाणपण आहे. पण महाराजांनी ओव्यांत मांडलेलं गाव शोधायचं तर धानोऱ्याची एसटी धरा, आणि सभेचा दिवस आधी विचारून जा.