एका पालकामागे चार कुटुंबे

जर्मनीच्या पश्चिम भागात, वुपर नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात एल्बरफेल्ड हे कापडधंद्याचे शहर होते. आज ते वुपरटाल या शहराचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला येथे सुमारे 50,000 लोक राहत. कापडाचा बाजार पडला, की विणकर आणि रंगारी एकदमच बेकार होत आणि त्यांच्या पोटाचा भार नगर परिषदेवर येई. परिषद पैसे देई, पण ते घेणाऱ्याच्या घरात डोकावून पाहायला तिच्याकडे माणसे नव्हती. त्यामुळे खर्च वाढत गेला आणि गरिबी मात्र हटली नाही.

1852 मध्ये बँकर डॅनिएल फॉन डेअर हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिषदेपुढे नवी योजना मांडली. 1 जानेवारी 1853 पासून ती लागू झाली. शहराचे 252 लहान भाग पाडले गेले आणि प्रत्येक भागाला एक पालक नेमला गेला. अशा 14 भागांचा मिळून एक विभाग, असे 18 विभाग झाले. त्या सर्वांवर परिषदेचे सदस्य आणि निवडक नागरिक यांची एक मध्यवर्ती समिती होती.

योजनेचे मर्म दोन नियमांत होते. पहिला नियम असा, की एका पालकाकडे चारांहून अधिक कुटुंबे द्यायची नाहीत. दुसरा, की कोणतीही मदत 14 दिवसांपुरतीच मंजूर करायची. गरजू माणूस आपल्या भागातल्या पालकाकडे जाई. पालक त्याच्या घरी येऊन मिळकत किती, खाणारी तोंडे किती, आजारी कोण, हे स्वतः पाही. दर पंधरवड्याला विभागातले पालक एकत्र बसत आणि प्रत्येक कुटुंबाचा निर्णय घेत. जगण्यास लागणारी किमान रक्कम ठरलेली असे. कुटुंबाची मिळकत त्यातून वजा करून उरलेले पैसे दिले जात. मुदत संपली, की पुन्हा भेट, पुन्हा चौकशी. काम करू शकणाऱ्याला काम शोधून देणे हेही पालकाचेच कर्तव्य होते.

हे पालक बिनपगारी असत. व्यापारी, कारागीर, दुकानदार अशा नागरिकांना हे पद स्वीकारावे लागे. सबळ कारणाशिवाय नकार देणाऱ्याचा नगरातील मताधिकार काही वर्षांसाठी जाई आणि त्याचा करही वाढे. परिणाम लवकर दिसला. पाच वर्षांच्या आत मदतीवर जगणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. लोकसंख्या वाढली तशी 1861 मध्ये भागांची संख्या 364 करण्यात आली, पण चार कुटुंबांची मर्यादा सोडली नाही. पुढे अनेक जर्मन शहरांनी हीच पद्धत उचलली.

या व्यवस्थेला काळी बाजूही होती. पालकाची नजर कुटुंबाच्या खर्चावर असे तशीच वागणुकीवरही असे. शिवाय 1871 नंतरच्या जर्मन साम्राज्यात सार्वजनिक निधीतून गरीब-साहाय्य घेणाऱ्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नसे. म्हणजे मदत करण्यास नकार देणारा मत गमावी आणि मदत घेणाराही मत गमावी. फरक एवढाच, की पहिल्याला निवड होती, दुसऱ्याला नव्हती. महानगरे फुगली, लोक वारंवार घरे बदलू लागले, तेव्हा शेजाऱ्याच्या ओळखीवर उभी असलेली ही पद्धत अपुरी पडली. 1905 मध्ये स्ट्रासबुर्ग शहराने पगारी अधिकारी नेमून तिच्यात मोठा बदल केला.

पुढे ही पद्धत दूरवरही पोहोचली. जपानमध्ये 1917 साली ओकायामा आणि 1918 साली ओसाका येथे याच धर्तीवर वस्तीवार स्वयंसेवक नेमण्यात आले. त्यांचेच आजचे रूप असलेले दोन लाखांहून अधिक बिनपगारी कार्यकर्ते, ‘मिन्सेइ-इइन’, आजही जपानभर आपापल्या वस्तीतल्या वृद्धांच्या आणि अडचणीतल्या कुटुंबांच्या घरी जाऊन विचारपूस करतात.