अजिंठ्याचे दार आणि होर्यूजीची भिंत

आमचे नार्नूर आज तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडते, आणि 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत राजुरा व किनवट तेव्हाच्या मुंबई राज्याच्या, म्हणजे पुढे महाराष्ट्राच्या, वाट्यास आले असता हा डोंगराळ मुलूख हद्दीच्या पलीकडे राहिला. तथापि निजामाच्या अमलात येथील पत्रावर जे तिकीट चिकटविले जाई त्यावर उर्दू, इंग्रजी व तेलुगू यांच्या जोडीला मराठीतही किंमत छापलेली असे, ही गोष्ट जपानी तिकिटांविषयी लिहिताना प्रथम सांगावीशी वाटते. हैदराबाद संस्थानाचे पहिले तिकीट 1869 सालचे, जपानचे 1871 सालचे; आपल्या संस्थानाच्या या दोन वर्षांच्या वडीलपणाचे मला मनापासून कौतुक आहे.

जपानी टपालखात्याचा पाया माएजिमा हिसोका या कर्तबगार अधिकाऱ्याने घातला, आणि तोक्यो, क्योतो व ओसाका या शहरांना जोडणाऱ्या टपालासाठी 48, 100, 200 व 500 मोन अशा चार किंमतींची तिकिटे निघाली. समोरासमोर ठाकलेले दोन ड्रॅगन हे त्यांचे चित्र. कागद पातळ, देशी, मागे डिंक नाही, कडेला दाते नाहीत. आणि छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावरील चाळीसही तिकिटे कारागिराने एकेक करून हाताने कोरलेली असल्यामुळे कोणतेही एक दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. अस्सल नमुना सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि नकला विपुल असल्याने स्वस्तात मिळणाऱ्याविषयी संशयच बाळगावा.

परंतु या छंदाला ऐपत लागते असे मुळीच नाही, कारण विसाव्या शतकातली वापरलेली जपानी तिकिटे अल्प मोलात मिळतात. लिपी येत नसली तरी ओळख पटते: दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या तिकिटांवर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह पाहावे, आणि 1966 पासूनच्या तिकिटांवर रोमन अक्षरांत ‘निप्पोन’ वाचावे. टपालाच्या शिक्क्यातील वर्ष बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. शोवा काळातील शिक्क्यात 24 दिसले तर त्यात 1925 मिळवून 1949 साल काढावे. कागद थंड पाण्यात सोडवावा, तिकीट पालथे वाळवावे आणि बोटांऐवजी चिमट्याने उचलावे, एवढी शिस्त पुरे.

युद्धातील पराभवानंतर जपानने आपली चित्रकला तिकिटावर आणली, ही मला त्या राष्ट्राच्या टपाल-इतिहासातील सर्वांत हृद्य घटना वाटते. 1948 मध्ये मोरोनोबूची मागे वळून पाहणारी स्त्री आली, 1949 मध्ये हिरोशिगेचे चंद्र आणि हंस. संग्राहक याच दोहोंसाठी जीव टाकतात. माझे मन मात्र त्याहून साध्या, 1950 च्या दशकात रोजच्या पत्रांवर लागणाऱ्या दहा येनच्या तिकिटावर जडले आहे, ज्यावर नारा नगरीजवळच्या होर्यूजी विहाराच्या भिंतीवरील अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचा चेहरा आहे. जपानी त्याला कान्नोन म्हणतात. अर्धोन्मीलित नेत्र आणि शांत मुखरेषा पाहताच कोणाही मराठी माणसाला अजिंठा आठवावा, आणि कलेचे अभ्यासकही या दोन भित्तिचित्रांतील सगोत्रता फार पूर्वीपासून दाखवीत आले आहेत.

म्हणून माझ्या वहीत त्या तिकिटाशेजारी हैदराबाद संस्थानाचे 1931 च्या मालिकेतील आठ आण्यांचे नारिंगी तिकीट लावले आहे. अजिंठा तेव्हा संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि तिकिटावर लेण्यांचे प्रवेशद्वार छापलेले आहे, आतले चित्र नव्हे. एका पानावर दार आहे आणि मुख आहे. मधले अंतर काही हजार मैलांचे.

हे अंतर प्रत्यक्ष ओलांडणारा एक चित्रकारही होऊन गेला. अराई काम्पो हा जपानी कलावंत 1916 मध्ये हिंदुस्थानात आला, त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि पुढे 1940 मध्ये होर्यूजीच्या भिंतींच्या प्रतिकृतींचे काम सरकारने हाती घेतले तेव्हा त्यातही तो होता. काम पुरे होण्याआधी 1945 मध्ये तो वारला. 26 जानेवारी 1949 रोजी, प्रतिकृतींचे काम चालू असतानाच, त्या मंदिराला आग लागली आणि भित्तिचित्रे होरपळून गेली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. त्यानंतर काही काळातच ते मुख, भिंतीवर काळवंडलेले, दहा येनच्या तिकिटावर लिफाफ्या-लिफाफ्यावर उमटू लागले.