इफ्तारच्या पाण्याला सालीचा सुगंध

मगरीबची अजान झाली की दस्तरखानावर पहिला मान खजुराचा आणि पाण्याचा. भजी, समोसे, फळांची चाट हे सगळे त्यानंतरचे. पैगंबरसाहेबांची रीतही हीच सांगितली जाते. ताजा खजूर असेल तर त्याने रोजा सोडावा, नसेल तर सुक्या खजुराने, आणि तोही नसेल तर पाण्याच्या चार घोटांनी.

आपल्याकडे मात्र पाणी बऱ्याचदा नावापुरतेच उरते. खजुरावर एक घोट घेतला की हात वळतो सरबताकडे. दिवसभर, म्हणजे सुमारे तेरा तास, घशाखाली थेंब गेलेला नसतो. त्यामुळे थंडगार गोड ग्लास एका दमात संपतो, लगेच दुसरा भरला जातो. पोट गच्च होते आणि साधे पाणी नकोसे वाटू लागते. मग तरावीहची नमाज, झोप आणि सहरीला घाईघाईत ढोसलेले दोन ग्लास. दुसऱ्या दिवशी दुपारी डोके ठणकले की आपण उन्हाला दोष देतो. खरे तर रात्रीचे पाणीच कमी पडलेले असते.

साखरेचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. घरच्या एका ग्लास सरबतात चार चमचे साखर सहज जाते. दोन ग्लासांत आठ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले होते, की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर अधिक बरे. आपण ही मर्यादा इफ्तारच्या पहिल्या पाच मिनिटांतच ओलांडतो.

यात सगळ्यात अवघड होते ते घरातल्या मधुमेह असलेल्या माणसाचे. सगळ्यांच्या हातात रंगीत सरबत आणि त्यांच्यापुढे साधे पाणी. काही जण मुकाट्याने ते पितात. काही जण मात्र ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणत सरबताचा ग्लास उचलतात, आणि असे ‘आजचे दिवस’ महिन्यात तीस येतात. यावर एक साधा उपाय आहे: संत्रे, मोसंबी किंवा लिंबाच्या सालीचा वास उतरवलेले पाणी. त्यात साखर नाही, म्हणून ते घरातल्या लहानथोरांना, इफ्तारला आलेल्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना एकाच जगमधून देता येते.

रस नव्हे, साल

हे सरबत नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. सरबतात रस लागतो, आणि रस आंबट म्हणून साखर लागते. इथे रसाचे काम जवळजवळ नाहीच. संत्र्याची साल नखाने दाबली की बारीक फवारा उडतो. ते सालीतले तेल. सगळा सुगंध त्यात असतो आणि ते वरच्या रंगीत पापुद्र्यात भरलेले असते. त्याच्या खालचा पांढरा थर कडू असतो. पाण्याला वास हवा आणि कडवटपणा नको, तर रंगीत साल घ्यायची आणि पांढरा थर टाळायचा. एवढे जमले की निम्मे काम झाले.

म्हणूनच याला वेगळा खर्च येत नाही. चाटसाठी संत्री सोलली की साली केरात जातात. भज्यांवर लिंबू पिळले की तीच गत. २०२२ च्या एप्रिलमध्ये रमजान आणि लिंबाची भाववाढ एकदमच आली होती, तेव्हा प्रत्येक लिंबू मोजून वापरले जात होते. अशा वेळी फळ खाऊन उरलेल्या सालीवर घरभराचे पाणी सुगंधी होते, हे किती सोयीचे!

यंदा तर फळांचाही मोसम जुळून आला आहे. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ साली तो मेच्या मध्यात सुरू झाला होता, २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत आला. विदर्भातल्या संत्र्यांचा मृग बहार बाजारात येतो तो याच सुमाराला. नागपूरचे संत्रे आणि जालन्याची मोसंबी या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे चांगला माल आपल्या दारातच आहे.

कसे करावे

दोन लिटर पाण्याला एक संत्रे, अर्धी मोसंबी आणि एक लिंबू पुरे. बाजारातल्या फळांवर धूळ, कधी मेणाचा थर आणि औषधांचा अंश असतो. म्हणून फळे कोमट पाण्यात जाडे मीठ लावून चोळून धुवावीत. सोलाण्याने वरची साल पातळ काढावी. मग संत्रे आणि मोसंबी पूर्ण सोलून, पांढरा थर काढून गराच्या चकत्या कराव्यात. बिया आठवणीने काढाव्यात, त्याही कडू लागतात. लिंबाच्या दोनच चकत्या घ्याव्यात.

साली बोटांनी हलक्या मुरडून भांड्यात टाकाव्यात, म्हणजे तेल सुटते. वर चकत्या आणि उकळून गार केलेले किंवा गाळणयंत्राचे पाणी. हवा तर पुदिना किंवा ठेचलेला एखादा वेलदोडा. भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. जोहरच्या नमाजानंतर, तीनच्या सुमारास ठेवले तर मगरीबला पाणी तयार असते.

साली चार तासांच्या वर पाण्यात ठेवू नयेत. पुढे कडवटपणा उतरू लागतो. मोसंबीचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो, हा अनुभव सर्वांनाच असेल. इफ्तार झाल्यावर उरलेले पाणी गाळून बाटलीत भरावे, ते सहरीला उपयोगी पडते. चोवीस तासांच्या आत ते संपवावे. फ्रिज नसेल तर माठाचे गार पाणी घ्यावे, पण मग अर्धा-एक तासापुरतेच मुरवून लगेच प्यावे.

भांडे काचेचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे असावे. तांबे, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमवर आंबटाचा परिणाम होतो. माठात साली थेट टाकू नयेत, वास मुरला की माठ पुन्हा साध्या पाण्याचा राहत नाही.

थोडे भरीव हवे असेल तर एक चमचा सब्जा अर्धी वाटी पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून ग्लासात घालावा. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांनी लिंबू वगळून नुसते संत्रे घ्यावे. रिकाम्या पोटी आंबट त्यांना सोसत नाही.

या पाण्याला औषध मात्र समजू नये. सालीतून उतरणारे जीवनसत्त्व फार थोडे असते, ते हवे तर फळ खावे. चरबी वितळते वगैरे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. मधुमेहाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी रोजे धरण्यापूर्वी आणि पाणी किती प्यावे याबद्दल आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या पाण्याचे काम एकच: साधे पाणी आवडीने प्यायला लावणे. इफ्तारला दोन ग्लास, जेवणानंतर एक, तरावीहहून आल्यावर दोन, झोपताना एक आणि सहरीला दोन, असे आठ ग्लास रात्रभरात सहज होतात.

दोन घरचे एक फळ

लिंबाच्या कुळात महाळुंग नावाचे एक थोराड फळ आहे. साल जाडजूड, रस अगदी थोडा, पण वास असा की खोली भरून जावी. अरबीत त्याला उत्रुज म्हणतात. हदीसमध्ये कुराण पठण करणाऱ्या श्रद्धावानाला या फळाची उपमा दिली आहे, कारण त्याचा वासही चांगला आणि चवही चांगली. आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीच्या एका हातात जे फळ आहे, तेही महाळुंगच.

दोन्हीकडे ज्याचा मान, ते फळ रसासाठी नव्हे, सुगंधासाठी ओळखले जाते. सालीचा सुगंध पाण्यात उतरवणे ही काही नव्या जमान्याची चैन नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

सरबत दस्तरखानावरून उठवा असे कोणी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय रमजानची संध्याकाळ पोरांना पटायची नाही. ते जुम्म्याला असावे, पाहुणे आले की असावे, ईदला तर असावेच. रोजच्या इफ्तारला मात्र मधोमध ठेवावा तो पाण्याचा जग, ज्यातून घरातल्या कोणालाही, आणि दारी आलेल्या कोणालाही, ‘मला नको’ असे म्हणावे लागणार नाही.