उपनगरातले दुकान कोणासाठी?

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली, आणि २०२५ च्या जून महिन्यात निघालेल्या अधिसूचनेने तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी मुक्रर केली. दोन गणनांमध्ये सोळा वर्षांचे अंतर! या सोळा वर्षांत मुंबईच्या उपनगरांत कोण राहावयास आले, कोण घर विकून पुढच्या स्टेशनावर गेले, किती घरांत आता दोन म्हातारी माणसेच उरली, हे सरकारी कागदांवरून कळण्याची सोय राहिली नाही. तथापि हा हिशेब ठेवणारा एक बिनपगारी प्रगणक प्रत्येक स्टेशनाबाहेर बसलेला आहे. तो म्हणजे दुकानदार. आपल्या आळीत कोण आले आणि कोण गेले हे त्यास संध्याकाळी गल्ला मोजतानाच समजते.

आम्ही वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे एका उपनगरातील मराठी शाळेत मास्तरकी केली. तेथे पाचवीच्या चार तुकड्या होत्या. एका वर्षी त्यांच्या तीन झाल्या, आणि मुख्याध्यापकांसह आम्हां सर्वांस मोठा धक्का बसला. परंतु शाळेसमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदारास तो बसला नव्हता. त्याने त्याआधीच्या मे महिन्यातच निम्म्या फळीवरून पाठ्यपुस्तके उतरवून तेथे मोबाइलची रिचार्ज कार्डे मांडली होती. मे महिन्यात आईबाप कोणत्या माध्यमाची पुस्तके मागतात, यावरून त्याने जूनचा हजेरीपट आधीच वाचला होता. पुढे त्या दुकानातून वह्याही गेल्या. आम्ही मुलांना भूगोल शिकवीत होतो. खरा भूगोल रस्त्याच्या पलीकडे होता.

मुंबईची वस्ती उत्तरेस सरकण्याची कथा नवी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हाच ती सुरू झाली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्यास आखीव वसाहती वसवल्या. १९५० आणि १९५७ या दोन वर्षी महापालिकेची हद्द टप्प्याटप्प्याने दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. परंतु या स्थलांतराला खरी गती दिली ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडेकरूंच्या रक्षणासाठी झालेल्या या कायद्याने जुनी भाडी जागच्या जागी गोठली. परिणामी भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला आणि असलेल्या चाळींची डागडुजी थांबली. ज्याला राहावयास जागा हवी त्याने ती विकत घ्यावी, हा मुंबईचा नियम झाला. मग गिरगावातील कुटुंबाने दीड खोलीची पागडी सोडून तिच्या पैशातून डोंबिवलीस दोन खोल्या आणि एक गॅलरी घेतली. मुलाचे लग्न झाले की जागा पुरत नाही, हे त्यामागचे साधे कारण. कुटुंब विभक्त झाले म्हणजे माणसे तेवढीच राहूनही घरे दुप्पट लागतात. लोकसंख्येच्या एकूण आकड्याकडे पाहणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही.

आकडेही बोलके आहेत. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. उलट ठाणे शहर १९९१ मध्ये ८ लाखांचे होते, ते २०११ मध्ये १८.४१ लाखांचे झाले; मीरा-भाईंदर त्याच वीस वर्षांत पावणेदोन लाखांवरून ८ लाखांच्या पुढे गेले. २०११ मध्ये अविभाजित ठाणे जिल्हा देशातील सर्वांत अधिक लोकवस्तीचा जिल्हा ठरला.

ही माणसे ज्या बाजारांत उतरली ते बाजार त्यांनी आपल्या दिनक्रमाप्रमाणे घडवले. डोंबिवलीचा फडके रोड पाहावा. दिवाळीच्या पहाटे तेथे नटूनथटून जमणाऱ्या तरुणाईचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती या गावातील पोळी-भाजी केंद्रांची कहाणी. नवराबायको दोघेही सकाळच्या गाडीने मुंबईस जाणार आणि दिवेलागणीनंतर परतणार. सासूबाई गिरगावातच थोरल्या दिराकडे राहिलेल्या. अशा घरात रोजच्या पोळ्या लाटाव्यात कोणी? लोकलच्या महिला डब्यात मटार सोलणाऱ्या आणि भाजी निवडणाऱ्या गृहिणीने हा प्रश्न अर्धा सोडवला होता. उरलेला अर्धा शेजारच्या गरजू बाईने पोळ्या लाटून विकावयास आरंभ केला तेव्हा सुटला. यास कोणी नियोजनकार लागला नाही, की बाजारपेठेचा सल्लागार लागला नाही. कुटुंबाचा आकार आणि गाडीचे वेळापत्रक या दोहोंनी मिळून एक धंदा जन्मास घातला.

मॉल ही संस्था मात्र अशी आपसूक उगवत नाही. ती माणसे मोजून बांधली जाते. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड जवळ असणाऱ्यास मुक्तद्वार आणि इतरांस प्रवेशशुल्क, असा नियम काही काळ होता. टीका झाली, नियम गेला. पुढे त्या मॉलचे नावही बदलले. परंतु मॉलचालकास गिऱ्हाईक कसे हवे होते, ते त्या नियमाने प्रांजळपणे सांगून टाकले. २००४ मध्ये मालाडला इनऑर्बिट उघडला तेव्हा दारावर असा पहारा बसवण्याची गरज उरली नव्हती. शेजारीच संगणक व कॉल-सेंटरच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या आणि पंचविशीच्या आतबाहेरचा, बिनालग्नाचा, हाती रोख पगार असलेला एक वर्ग रात्रपाळ्या करून तेथून बाहेर पडत होता. आईबापांच्या घरात राहणाऱ्या या मुलांना घरभाडे नव्हते. त्यांच्या पगाराचा जो भाग एरवी बिऱ्हाडात गेला असता, तो कपडे, बूट आणि सिनेमा यांत गेला.

ठाण्यात हेच अधिक स्पष्ट दिसते. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली ती वागळे इस्टेटीत, आणि पुढील दोन-तीन दशके ठाणे हे कामगारांचे गाव होते. भोंगा झाला की सायकलींची रांग, आणि पगाराच्या दिवशी जांभळी नाक्यावर गर्दी. पुढे कारखाने मिटले. टंकयंत्राच्या फिती व कार्बन कागद बनवणाऱ्या कोअर्सच्या जागेवर २००९ मध्ये कोरम मॉल उभा राहिला. रेमंडच्या कापडगिरणीच्या जमिनीवर गृहसंकुलांचे मनोरे चढले. ज्या कार्बन कागदावर आमच्या पिढीने आपले अर्ज आणि पहिले लेख टंकलिखित केले, त्याच्या कारखान्याच्या जागी आता आइस्क्रीम मिळते, याचे आम्हांस दुःख नाही. परंतु त्या जागेवर पगार घेणारा माणूस गेला आणि तेथे पगार खर्च करणारा माणूस आला, एवढी नोंद करणे अवश्य आहे. घोडबंदर रस्त्यावरील घरांचे भाव यानंतर चढू लागले.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. घराचा भाव त्यात आज राहणाऱ्याच्या मिळकतीवर ठरत नाही. ते उद्या विकत घेऊ शकणाऱ्याच्या मिळकतीवर ठरतो. गिरगावची पागडी खिशात घालून आलेला कारकून डोंबिवलीस उतरला तेव्हा तेथील भाव त्याच्या ऐपतीप्रमाणे चढला आणि आसपासच्या गावांतील आगरी तरुणास आपल्याच गावठाणाबाहेर घर घेणे जड झाले. त्या वेळी त्यास कोणी 'भूमिपुत्रावर अन्याय' असे म्हटले नाही, कारण चढत्या भावाचा लाभ आपणांस होत होता. मग दोन पगार आणि वीस वर्षांचे कर्ज घेऊन नवे जोडपे ठाण्यास आले, आणि पूर्वीच्या कारकुनाचा मुलगा बदलापूर-टिटवाळ्याच्या जाहिराती चाळू लागला. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे ४५ लाख होते, ते २०११ मध्ये ४४ लाख झाले. हिंदी सांगणारे याच काळात सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. या आकड्यांवर सभा गाजवणे सोपे आहे. परंतु जे घर विकले गेले त्याच्या खरेदीखतावर विकणाऱ्याची सही कोणाची आहे, हेही सभेत वाचून दाखवावे! अधिक भाव देणाऱ्यास घर देऊन शेजार बदलल्याचा विलाप करणे, हे एकाच तोंडाने शंख आणि बासरी वाजवण्यासारखे आहे.

घराच्या भावाबरोबर गाळ्याचे भाडे चढते, आणि खरी कुतरओढ तेथे होते. वाण्याचा नफा पैशापैशाने साचतो. गाळ्याचे भाडे दुप्पट झाले म्हणून त्यास डाळ दुप्पट दराने विकता येत नाही. दागिन्यांची पेढी, औषधांचे साखळी दुकान, बँकेचे यंत्र किंवा मोबाइलचे दालन मात्र ते भाडे देऊ शकते. म्हणून चक्की जाते, शिंपी जातो, चपला शिवणारा पदपथावरून उठतो. स्टेशनापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर बजावले. त्या दुर्घटनेनंतर त्या आदेशामागील चिंता कोणास नाकारता येईल? परंतु दीडशे मीटरांपलीकडे त्यांनी कोठे बसावे, याची नेमलेली जागा २०१४ च्या फेरीवाला कायद्याने अपेक्षिली होती, ती किती नगरपालिकांनी वेळेत आखून दिली? मासळीवालीचे दुखणे तर आणखी निराळे. नवा मनोरा उभा राहतो, त्यातील रहिवाशांस वास सहन होत नाही, आणि दोन पिढ्या एकाच कोपऱ्यावर पाटी घेऊन बसलेल्या कोळिणीस हा कोपरा आपला नव्हे, असे अचानक कळते.

मॉल तरी चिरंजीव आहेत काय? नाइट फ्रँक या मालमत्ता-सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या अहवालात देशातील आठ महानगरांत ६४ खरेदी-केंद्रे ओस पडल्याची नोंद आहे. ज्यांचे गाळे एकेका मालकास सुटे विकले, तेथे कोणते दुकान कोठे असावे हे ठरवणारा कोणी राहत नाही. शेवटी कोचिंग क्लास, पतपेढी आणि कुलपे एवढेच उरते. घरी बसून मागवलेली खरेदी हेही एक कारण आहे. परंतु आणखी एक कारण आम्हांस वयाचे दिसते. मॉल तरुण कुटुंब गृहीत धरून बांधतात. ते कुटुंब तेथेच म्हातारे होते आणि त्याची मुले दुसरीकडे जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आलेला दिसतो. ज्या संकुलाच्या बागेत आज झोपाळे पुरत नाहीत, तेथे वीस वर्षांनी बाके पुरणार नाहीत. गुडघे दुखणाऱ्या त्या रहिवाशास महामार्गापलीकडचा सरकता जिना नको असेल. त्यास इमारतीच्या पायथ्याशी दूध, औषध, दळण आणि उधारीवर विश्वास ठेवणारा माणूस हवा असेल. त्या दिवसापर्यंत तो माणूस तेथे टिकलेला असला पाहिजे.

म्हणून जुन्या सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासाकडे आम्ही चिंतेने पाहतो. तेथे चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, वाहनतळाची आणि सभासदास मिळावयाच्या रकमेची. तळमजल्यावरचा गाळेवाला भाडेकरू असल्यास बैठकीस बोलावलाच जात नाही. नव्या इमारतीत गाळे निघतात ते दुप्पट आकाराचे, काचेचे आणि त्यास न परवडणारे. पुनर्विकासास परवानगी देताना दीडशे-दोनशे चौरस फुटांचे काही गाळे जुन्या दुकानदारांसाठी माफक भाड्याने राखावेत, अशी अट महापालिकांनी का घालू नये? विकास आराखड्यात मंडईसाठी भूखंड राखलेले असतात. जमीनमालकाने मंडई बांधून पालिकेच्या हाती द्यावी आणि उरलेले बांधकाम आपण करावे, अशी सोय मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून आहे. आराखड्यातील हिरव्या-पिवळ्या रंगांच्या त्या चौकोनांपैकी किती ठिकाणी प्रत्यक्ष भाजी विकली जाते, याची प्रभागवार यादी नगरसेवकांनी सभागृहात मागावी. ती जाहीर झाली तर आम्ही ती जशीच्या तशी याच पृष्ठावर छापू.

भाड्याच्या घरांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने २०११ च्या गणनेचा आधार देऊन सांगितले होते की, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आहेत, देशातील कोणत्याही शहराहून अधिक. कुलूप लावलेले घर दुकानातून पावशेर साखरही घेत नाही. परंतु त्याचा भाव मात्र शेजारच्या घराबरोबर चढत राहतो. भाड्याने देणे मालकास सुरक्षित वाटेल आणि नव्याने नोकरीस लागलेल्यास परवडेल, अशी व्यवस्था झाली तर याच घरांत माणसे येतील आणि खालच्या वाण्यास गिऱ्हाईक मिळेल.

घरयादीच्या वेळी प्रगणक दारोदार येतो, तेव्हा त्याच्या तक्त्यात प्रत्येक जागेचा वापर लिहावयाचा असतो: राहते घर, दुकान, कचेरी, रिकामी जागा. पुढच्या गणनेचे हे तक्ते प्रसिद्ध होतील, तेव्हा आमच्या नगरपित्यांनी लोकसंख्येच्या एकूण बेरजेआधी हा रकाना उघडावा. २०११ मध्ये ज्या ठिकाणी 'दुकान' लिहिले होते तेथे आता काय लिहिले आहे, हे प्रभागाप्रभागाने ताडून पाहावे आणि मगच आराखड्यावर रंग भरावयास बसावे.